एका वाक्याची भूमिका

तांपेरेला गाडी नऊ चाळीसला पोचली
आणि स्टेशनातून मी तीनदा मागं फिरले.
एकदा चुकून, दोनदा ठरवून.
कोटाच्या आत पोशाख, राखाडी,
बाहीवर पाच बटणं (चार नव्हे, पाच),
लाकूड-गिरणीचे हिशेब मिटवून
हिवाळाभर रात्री शिवलेला.
आईला सांगून आले : दंतवैद्याकडे जातेय.
शनिवारी? ती म्हणाली.
शनिवारी, मी म्हटलं.

मालिका जुनी. दोन हंगाम चालली, बंद पडली.
ताऱ्यांच्या पाण्यात नांगरलेली एक दीपनौका
आणि तिच्यावरची माणसं.
सगळ्यांचा जीव कप्तानावर.
माझा कोठीवालीवर.
ती तीन भागांत दिसते, एकदाच बोलते :
"तेल आहे अजून."
बस. कोठीचं दार ओढून घेते.
सोळाव्या वर्षी ऐकलं ते
आणि वाटलं,
मुखदुर्बळांच्या वतीनं कुणीतरी बोललं.

दारावरच्या मुलानं कोरा बिल्ला दिला.
वर नाव लिहा, म्हणाला, आणि खाली
लोकांनी तुम्हाला काय विचारावं ते.
मागे रांग. हातात पेन, पोटात गोळा.
तूलिक्की, लिहिलं.
खाली सुचेना, म्हणून लिहिलं : काही नाही.
तो हसला नाही. शिक्का मारला.

आत, काय सांगू,
निळी माणसं, शिंगांची, पंखांची,
दारातून आडवी होऊन जाणारी,
बापाच्या खांद्यावर झोपलेला पुठ्ठ्याचा ड्रॅगन
नि त्याची लोंबणारी शेपूट.
सगळी एकमेकांना हाका मारत होती
जणू एकाच गल्लीत वाढलेली.
मी अंग चोरत चालले.
पहिला तास स्वच्छतागृहात कडी लावून
कार्यक्रमपत्रिका वाचली. पाठ झाली.
दुसरा तास कॉफीच्या रांगेत.
कॉफी मिळाली, प्याले,
पुन्हा त्याच रांगेत लागले,
कारण रांगेत उभं राहायला
कुणाची ओळख लागत नाही.

तिसऱ्या कॉफीला इतकं उकडलं
की कोट काढावाच लागला.
जरा वेळानं एक चेटकीण जवळ आली,
थेट माझ्याकडे. छातीत धडधड.
अहो, ती म्हणाली,
वरच्या मजल्यावरचा कागद संपलाय.

नाही म्हणायला शब्द लागतात.
मी गेले. कपाट शोधलं, गुंडाळ्या काढल्या,
चारही खणांत लावल्या,
आणि, खरं सांगते,
सकाळपासून पहिल्यांदाच
हातांना कळलं की ते कुठं ठेवायचे.

उतरताना जिन्यात तो.
साठीचा, दाढीवाला, खांब असा उंच,
अंगात तोच राखाडी पोशाख,
कमरेला त्याच किल्ल्या.
माझ्या बाहीकडे बघितलं त्यानं. मी त्याच्या.
पाच? तो म्हणाला.
चार? मी म्हणाले.
शेवटच्या भागात एक तुटलेलं असतं,
तो जिन्याच्या कठड्याला म्हणाला.
वीस वर्षं बघतेय मी ते
आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
त्याच्या बाहीवर पाचव्या जागी
दोराही सोडलेला होता, नेमका, लोंबता.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
आमच्याकडे याला गप्पा म्हणतात.
बाजूनं लोक चढत होते, उतरत होते,
एका शूरवीराची तलवार माझ्या गुडघ्याला लागली,
त्यानं माफी मागितली, मी मान हलवली.

कुणी ओळखलं? त्यानं विचारलं शेवटी.
नाही. तुम्हाला?
कागद मागितला, तो म्हणाला. दोनदा.

हसू असं आलं की किल्ल्या वाजल्या,
आधी माझ्या, मग त्याच्या.

नाव ओस्मो. राउमाचा. आणखी काही विचारलं नाही,
बिल्ल्यावर तसं लिहिलंच होतं.
त्याची बस सहाची, माझी गाडी साडेसहाची.
जाताना त्यानं टोपीला हात लावला.
तेल आहे अजून, मी म्हणाले.
मोठ्यानं. जिन्यात घुमलं.

घरी पोचले तर आई जागी.
दुखलं का गं?
थोडं, मी म्हटलं.
पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागेल.