कुंभारीण

चाकोच्या धूळपट्टीवर तीन दिवस उत्तरेचा वारा.
विमान बांधून ठेवलेलं,
नळीवर टोपी घालायची राहिली.
कोणाची चूक, हे आब्राम विचारत नाही.
त्याचीच.

चौथ्या सकाळी धावपट्टी अर्धी संपली तरी
वेगाचा काटा शून्यावर ढिम्म,
जणू आम्ही अजून उभेच.
मागे एक अवघडलेली बाई, लशींची पेटी.
आब्रामनं इंजिन ओढून घेतलं.
ब्रेक, धूळ,
कुंपणाची तार हातभरावर.

एउलोहिया आली. 'फुंकू नकोस,' एवढंच म्हणाली,
आतली जोडणी आधी सोडवली,
मग पंखाखालच्या करंगळीएवढ्या नळीत
गिटारची जुनी तार फिरवली.

तळहातावर पडली वाळकी माती.
मातीत पाच कोळी, जिवंत,
पण पाय हलवता न येणारे,
आणि त्यांच्यावर लोळणारी
तांदळाच्या दाण्याएवढी अळी.
बाळंतिणीची खोली अन् कोठार
एकाच नळीत.

शेपटातल्या गांधीलमाश्या वेगळ्या.
त्यांना ती भल्या पहाटे, गारठ्यात,
साबणाचं पाणी पाजते.
उजव्या भुवईवर त्यांची एक सही आहे.
'त्या डसतात,' ती म्हणाली,
'म्हणून आपण रोज वाकून बघतो.
हिच्यासाठी कोण वाकतं?'

आब्रामनं टोपीची लाल फीत
खिशात कोंबली, पुन्हा काढून बघितली.
आम्ही उडालो.

खाली, गळक्या नळाच्या ओलीत
ती नवी गोळी वळत होती.