बारातून तीन

तोरिनो. नोव्हेंबर. पो नदीचं धुकं जिन्यापर्यंत आलेलं.
भूमिती विभागाच्या कपाटात प्लास्टरची पृष्ठं आहेत,
मी त्यांची धूळ पुसते. बावीस वर्षं झाली.

गणित मला येत नाही. एकच गोष्ट येते,
वालाब्रेगा सरांनी सांगितलेली,
भाजलेले चेस्टनट सोलता सोलता:

"देल्फीना, हे त्रिघाती पृष्ठ.
याच्या आरपार एक रेषा धर, वहीच्या शिवणीसारखी,
आणि तिच्याभोवती प्रतलं उलटत जा, पानांसारखी.
पानापानावर वक्र उमटतो. नितळ असेल तर शून्य धर.
बाराच पानं अशी, जी पृष्ठाला नुसती टेकतात,
तिथे वक्र स्वतःलाच छेदतो. तिथे एक.
आणि शिवण टोचते तीन जागी, ते वजा.
बारातून तीन गेले?"

नऊ, मी म्हटलं. असले हिशेब मी बाजारात रोज करते.

"आता शिवण बदल. कुठलीही घे.
आकार ताण, कलता कर, लांबून बघ.
नऊच येतील.
हे नऊ बघणाऱ्याचे नाहीत, त्याचे स्वतःचे आहेत."

त्या रात्री मी सुतळी आणि पुठ्ठा घेऊन बसले.
चार पानं टेकली. ओढूनताणून सहा.
सकाळी तक्रार केली तर सर हसले:
"बाकीची कल्पित आहेत, प्लास्टरमध्ये मावत नाहीत.
म्हणून मोजायचीच नाहीत की काय?"

मंगळवारी गाउदेन्त्सिओ पटाशी घेऊन आला.
दारावरचं नाव त्याने हळूहळू खरवडलं,
व आधी, मग ला, मग बाकीचं,
आणि माझ्याकडे न बघता भुसा झाडून गेला.
रोममधून कायदा आलाय. रक्ताचा म्हणे.

सचिवांनी नवी यादी टंकून भिंतीला लावली.
बारा होते, तीन गेले. नऊ.
"हिशेब जुळतो," म्हणाले.

मी यादीसमोर उभी राहिले, फडकं हातात.
हे ते नऊ नव्हेत.
यांची रेषा कुणीतरी कुठेतरी बसून आखलीय;
जरा सरकवली असती
तर दुसरेच कुणी गेले असते,
मी, गाउदेन्त्सिओ, सचिवसुद्धा.

आता धुकं जिना चढून आत येतं.
दहा वाजता मी कॉफीचे कप मांडते. बारा.
सचिव विचारतात, हे तीन कुणाचे?

कल्पित आहेत, मी म्हणते,
आणि ओतत राहते.