खांब क्रमांक

एकतीस वर्षं नोटा तपासल्या मी, नाशिकरोडच्या छापखान्यात.
शाई फिकी, आकडा तिरका,
कडेला केसाएवढा पांढरा:
बाजूला.
निवृत्त झाले, डोळे झाले नाहीत.

तर जेलरोडला, दसक पुलाच्या अलीकडे, आमची गल्ली.
खांब बेचाळीस, बंद सतरा.
रात्री साडेनऊला वही घेऊन मोजले,
दोनदा,
कारण पहिल्यांदा कुत्रं मागे लागलं.

विभागीय कार्यालय, खिडकी क्रमांक तीन.
"नगरसेवकाचं पत्र आणलंय?"
नाही. मी तिथे राहते, एवढंच आणलंय.
"मग ठेवून जा."
ठेवून जायला नैवेद्य नव्हता तो.
दुसरी प्रत पुढे सरकवली:
आवक शिक्का मारा, तारीख टाका,
सही वाचता येईल अशी करा.
शिक्का उमटला निळा, जरा तिरका.
बाजूला काढावा असाच. पण जपून ठेवला.

महिनाभर काही नाही.
कोठावदे म्हणाले, "ताई, घरपट्टी भरतो ना आपण,
आणखी काय करायचं माणसाने?"
रुक्साना तांबोळी काही म्हणाली नाही.
तिची मुलगी शिकवणीहून नऊला सुटते,
अंधाराच्या टप्प्यात
बंद फोनवर खोटं खोटं बोलत चालते.
दुसऱ्या दिवशी रुक्सानाने वही मागितली.

प्रभाग समितीची सभा अकराची, सुरू पावणेएकला.
नागरिकांनी मागे बसायचं, बोलायचं नाही,
असं शिपाई म्हणाला, फार प्रेमाने.
आम्ही नऊ जणी, दोन पुरुष, चिवड्याचा एक डबा.
विषयपत्रिकेत आम्ही नव्हतो.
"आयत्या वेळचे विषय" ऐकलं आणि उभी राहिले.
घसा कोरडा.
छापखान्यात बोलायची सवय नव्हती,
बोललं की मोजणी चुकते.
म्हणून नुसते आकडे वाचले:
एकोणीस. बावीस. तेवीस.
सत्तावीस, हा वाकलाही आहे.
अभियंता चव्हाणके खाली बघून लिहीत गेले.
सतराव्या आकड्याला सभागृह शांत झालं,
किंवा जेवायची वेळ झाली होती.

अकरा लागले.
सहा नाहीत.
बावीस लागला त्याच रात्री एकवीस गेला.
छापखान्यात सोपं होतं:
चुकलेल्या कागदाला भोक पाडायचं, नवा छापायचा.
गल्लीला भोक पाडून भागत नाही.

आता वही घरोघर फिरते.
सोमवारी कोठावदेंकडे,
हो, त्यांच्याकडेच,
घरपट्टीची पावती खूण म्हणून पानात घालतात.
रुक्सानाच्या मुलीने नवा रकाना आखलाय: गटार.
त्याखाली बारीक अक्षरात, बालवाडीचा नळ?
प्रश्नचिन्ह मी खोडलं.

काल अर्जाची दुसरी प्रत काढायला चौकात गेले,
तर झेरॉक्सवाला म्हणाला,
"मावशी, तिसरी काढून ठेवू का मला?
आमच्याकडचे खांब
मी कधी मोजलेच नाहीत."