तारण

वडगावात, मागांच्या माडीवर आमची पतसंस्था.
खाली यंत्रमाग सुरू झाले की वर
टेबलावरची टाचणी सरकत कडेला येते,
आणि कपाटातलं इरव्वाचं तुणतुणं
कुणी न छेडता बारीक बोलू लागतं.

मी आधी प्रॉम्प्टर होतो.
विंगेत उभं राहून एकतीस वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटली.
आता पिग्मीचं मशीन गळ्यात अडकवून फिरतो,
रात्री खतावणी लिहितो.
फरक फार नाही. माणूस अडला
की हळूच पुढचा शब्द द्यायचा.

सभासद दोनशे चौदा.
पारिजातातली सत्यभामा आहे, तिला जामीन राहिलेला कृष्ण आहे,
हंगाम नसला की तो दाढी वाढवतो.
लग्नाच्या बँडमधला दस्तगीर नदाफ.
आणि पडदा ओढणारा परशराम बिर्जे,
ज्याला कुठल्याच गावानं कधी पाहिलेलं नाही,
पण ज्याचा हप्ता कधी चुकलेला नाही.
रोजचे पाच, दहा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पन्नास.

बोर्डावर वर कानडी, खाली मराठी.
दोनदा डांबर बसलं,
एकदा वरच्या ओळीवर, एकदा खालच्या.
नोंदणी क्रमांक दोन्ही वेळा वाचला.

कानडीत साल म्हणजे कर्ज, मराठीत वर्ष.
साल सरलं का, असं काउंटरवर कुणी विचारलं
तर मला आधी त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

नागोजी हलगेकरनं एकदा मुकुट आणून ठेवला.
पत्र्याचा. बेगड उडालेली,
कपाळाशी घामाचा काळा पट्टा.
सुनेच्या ऑपरेशनला आठ हजार हवे होते.
संचालक मंडळ बसलं. सात जण, त्यात दोन विदूषक.
ठराव मीच लिहिला :
वस्तू, मुकुट एक. बाजारभाव, काही नाही.
तारण मंजूर.

ऑडिटर हिरेमठ चष्मा वर करून म्हणाले, "इदेनु?"
म्हटलं, साहेब, माही पुनवेनंतर जत्रा लागतात.
ह्याच्याशिवाय त्याला राजा होता येत नाही.
येणार की.
त्यांनी लाल पेन उघडलं, मिटलं,
आणि चहा सांगा म्हणाले.

आणि तो यायचाच.
प्रयोगाच्या रात्री तारण घरी न्यायचं,
उजाडताना आणून द्यायचं,
हे पोटनियमात नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.
मुकुटाला पावडरीचा वास असायचा,
हप्त्याच्या नोटांनाही.

मग दोन वर्षं जत्राच भरल्या नाहीत.
दस्तगीरनं केळ्याचा गाडा लावला,
सत्यभामा काजूच्या कारखान्यात गेली, बोटं काळी झाली.
मी दारोदार फिरायचो,
लोक चहा द्यायचे, पैशाचं बोलायचे नाहीत,
मीही मशीन शर्टाच्या आत घालायचो.
त्या सालचं व्याज धरू नये,
हा ठराव बिर्जेनं मांडला.
सभेत त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला,
माणूस बोबडा आहे हे तेव्हा कळलं.

काल नागोजी आला. शेवटचा हप्ता.
खाते नंबर विचारला तर
चाळीस वर्षं दरबार दणाणून सोडलेला माणूस
ओठ हलवत उभा राहिला, काही येईना.
रांगेत मागे सगळे नटच. कुणी हसलं नाही.
प्रत्येकाला ती जागा माहीत होती.
मी जाळीशी वाकलो, ओठ न हलवता म्हणालो,
एकशे सतरा.

तो ताठ झाला.
खालच्या मागवाल्यांनी वर बघावं असा म्हणाला,
"एकशे सतरा!"

मुकुट पुसून पुढे केला.
"असूंदे की इथंच," म्हणाला,
"घरी नातू मोडतोय."

आता कपाटात तो तुणतुण्याशेजारी आहे.
कर्ज निरंक. वस्तू, मुकुट एक.
शेऱ्याचा रकाना तेवढा
मी मोकळा सोडलाय.