ब्राह्मी नाही

गेल्या वर्षी मी सातवीच्या वर्गाला सांगितलं, ही ब्राह्मी.
होमदेव कुंभरेनं महिनाभर चावली,
पहाटे, मीठ लावून.
गणितात सत्तावीस आले.
आधी एकोणीस होते,
म्हणून त्याची आई अजून मला मानते.

आज पुन्हा आलोय तलावाच्या पाळीवर
नोंदवही, भिंग आणि कंपासपेटीतली पट्टी घेऊन.
चैत्रात जेसीबीनं गाळ उपसला,
साखळीच्या खुणांत पाणी साचलं, आटलं,
आता त्या खाचांवरून हे पसरलंय,
पेऱ्यापेऱ्याला मूळ टाकत,
पाय ठेवायला जागा न सोडता.

गुडघे टेकतो. पँट भिजते.
ब्राह्मीचं पान जाड, काठ सपाट, फूल एकटं.
हिचं पान देठाकडे निमुळतं,
आणि दात फक्त पुढच्या अर्ध्यात,
आठ महिन्यांच्या पोराला असतात तसे.
फूल म्हणजे काडेपेटीतल्या काडीचं डोकं, जांभळट,
भोवती बारक्या पांढऱ्या फुलांचं एकच कडं;
खालचं वाळलं की कडं
एक मजला वर चढतं.
टणटणी म्हणावी तर काटा नाही, तो उग्र वास नाही,
आणि टणटणी कुठली एवढी वाकायला.
मग जलपिंपळी.
चित्र जुळतं. पान पट्टीवर दोन सेंटिमीटर.

रकाना चौथा: गावातलं नाव.

पर्बताबाई मेश्राम पाण्यातून वर येतात,
खांद्यावर ओलं जाळं.
विचारतो.
"ह्याले? ह्याले काई म्हनत नाई, गुरुजी,"
म्हणत जाळं त्याच्यावरच अंथरतात.
"गवतावर घातलं त कुसरं अडकते,
बाभरीखाली काटे.
इथं सोडवा लागत नाई.
माही सासू बी इथंच घाले.
मंग मशीन आली, सारं खरडून नेलं,
दिवारीपरेंत दोरीवर वारवलं आमी.
तुमी आज पाह्यलं,
मी त पोऱ्यापासून वाट पाहून रायली."

चौथा रकाना कोरा ठेवतो.
'उपयोग' खाली लिहितो: जाळं अडकत नाही.
तालुक्याचे साहेब लाल शाईत विचारतील,
औषधी गुणधर्म?

जाळ्याच्या एका डोळ्यातून
एक काडी वर आलीय,
तिच्यावर नखाएवढं निळं फुलपाखरू.

होमदेव आता आठवीत आहे.
त्याला सांगायचं राहिलंय.