पहिली वेलांटी

त्या गठ्ठ्यातली ती एकोणिसावी उत्तरपत्रिका.
मार्च संपत आलेला. भांडुपच्या घरात
जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी तपासत होते
दहावी, मराठी, प्रथम भाषा.
शंभरपैकी पस्तीस, की माणूस सुटला.

प्रश्न पाचवा. आपल्या भागातील अपुऱ्या पाणीपुरवठ्याबद्दल
महापालिकेच्या अधिकाऱ्यांस तक्रारपत्र लिहा.
अठरा जणांनी लिहिलं होतं: अ. ब. क., शांतीनगर,
आपण जातीने लक्ष घालाल अशी आशा आहे,
गाइडातलं, स्वल्पविरामासकट.

हिने 'प्रति' घातलं नव्हतं, 'विषय' नव्हता,
समास ओलांडून सुरुवातच केली होती:

साहेब आमच्याकडं पाणि रात्रि सव्वातिनला येतं
आनि पावणेचारला जातं.
मि पाईप धरून बसते. पुढचे मोटर लावतात
मग आमचि धार करंगळिएवढि.
काल पन ऊठले, आज पेपर होता तरि.
खोटं वाटत आसेल तर या.
खोलि नंबर सत्ताविस, पत्रेवालि गल्लि, अँटॉप हिल.
कुनालापन विचारा पाईपवालि कुठं राहाते.

मी लाल गोल करत गेले.
वर्गात वीस वर्षं सांगत आलेय,
शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, नियम सोपा आहे.
हिच्या सगळ्या पहिल्या.
रात्र ऱ्हस्व, गल्ली ऱ्हस्व, धार ऱ्हस्व,
पाणी तर ऱ्हस्वच,
अर्ध्या तासाचं.

आराखडा: शून्य. आशय: दीड.
शुद्धलेखनाचे कापले ते कापलेच.
बेरीज तीनदा केली. तेहेतीस.

नियामक कुंटेबाईंनी हिरवं पेन उघडलं,
पत्त्यावर थांबल्या.
ओळख उघड करणं म्हणजे गैरप्रकार, कळवावं लागतं.
मग त्या ओळीवर त्यांनी चहाची बशी ठेवली
आणि म्हणाल्या, तुमच्याकडे उन्हाळ्यात आंबे कुठून येतात?
गुण मात्र तेच ठेवले. मीही.
ग्रेस मिळाले असतील, असं मी धरून चालते,
बाकीचे विषय सुटले असतील तर.

त्या रात्री सव्वातीनला मला जाग आली.
आमच्या नळाला चोवीस तास.
उठून कोऱ्या कागदावर मी तिचं पत्र उतरवलं,
प्रति, विषय, महोदय,
सगळ्या वेलांट्या फिरवल्या,
करंगळी तेवढी ठेवली.
खाली पाठवणाऱ्याचा पत्ता माझा घातला,
कारण तिचं नाव मला माहीत नव्हतं,
आणि एफ उत्तर विभागाला टाकलं.

उत्तर गणपतीनंतर आलं. छापील, गोल शिक्क्यासह.
आपला अर्ज प्राप्त झाला असून
सदर ठिकाणी पाणीपुरवठा सुरळीत असल्याचे आढळून आले आहे.

सवयीने लाल पेन घेऊन बसले.
एक चूक नाही.
पाणी शुद्ध, दुसरी वेलांटी, दीर्घ.

वर कोपऱ्यात मी शून्य लिहिलं,
आणि कोणाला दाखवायचं ते न कळून
घडी घालून
शब्दकोशात ठेवलं.