करवंटी

रत्नागिरीहून आणलेलं, हिरव्या प्लॅस्टिकचं,
छप्परवालं. दोनशे ऐंशीला.
पूर्णगडात कुणाकडे असलं नव्हतं.
आठ दिवस रातांब्याला लटकलं,
मुंग्यांच्या पंगती तेवढ्या उठल्या.

मग भिकू मेस्त्रींनी करवंटीला तीन भोकं पाडली,
सुंभ ओवला,
बुडाला आणखी एक बारीक भोक.
“खारा वारा हा, वैनी,
पाणी निथळलं नाय तर दाणा कुजतो.”

नाचणी घातली. वरी महाग, म्हणून चिमूटभर.
मापाला ह्यांच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण,
घासघासूनही कडेला लालसर.

गुरुवारी एक मुनिया आली.
बसली, झुलली, उडाली.
मागोमाग चानी, सगळंच फस्त करून
वर माझ्याकडेच बघत राहिली.

उद्यापासून दोन झाकणं.